दोन दाखले

(संस्थेच्या वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत सातारा येथे केलेलं भाषण)



सुरुवातीला एक प्रश्न विचारते. आपल्यापैकी किती जणांच्या घरात आई, आजी, आत्या किंवा मावशी नर्स होती? जरा हात वर करा. बघा, किती हात आहेत!

सातारा-सांगली भागातल्या ख्रिस्ती घरांत हे असंच आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनच्या वैद्यकीय कामाचा पाया घातला. १८९७ साली तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं. त्या हॉस्पिटलच्या आसऱ्याने आपल्या कितीतरी मुली नर्सिंग शिकल्या. परक्या माणसाची जखम धुणं, त्याचं मलमूत्र काढणं हे तेव्हा हलकं काम समजलं जायचं. चांगल्या म्हणवणाऱ्या घरांतल्या मुली त्यात येत नसत, आपल्या गेल्या. त्याच १८९७ साली आपल्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या, हेही आपण विसरू नये. सेवेचं हे काम या मातीला नवीन नाही.

माझी आजी मिरजेला शिकली. म्हातारपणी ती एक गोष्ट हसत हसत सांगायची. पहिल्या दोन महिन्यांत ती दोनदा पळून स्टेशनवर गेली होती. दोन्ही वेळा वसतिगृहाच्या मावशी मागोमाग आल्या, बाकावर तिच्या शेजारी बसल्या आणि गाडी निघून जाईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. "रागावल्या असत्या तर मी गाडीत चढलेच असते," असं आजी म्हणायची.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. तिचा अर्थ मात्र मला अलीकडे कळला. तो कसा कळला तेच आज सांगणार आहे. त्यात माझी चूक आहे, आणि ती आपल्यासमोर कबूल करायची आहे.

जावळी तालुक्यातल्या एका कातकरी वस्तीवर आपलं काम आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल हातचं गेलं, कातही गेला, नाव तेवढं राहिलं. महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी जमाती सरकारने सर्वांत असुरक्षित मानल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. आपल्या या वस्तीतली माणसं पावसाळ्यात धरणाच्या पाण्यात मासे धरतात, शेतावर मजुरीला जातात. दसरा झाला की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला सगळं घर वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. या येण्याजाण्यात पोरांची शाळा सुटते.

या वस्तीतली एक मुलगी बारावी झाली. तिचं नाव मी आज सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. ती आमच्या कार्यकर्तीला म्हणाली, "मला नर्स व्हायचंय." आम्ही विचारलं, का? तर तिच्या मावशीचं बाळंतपण तिने पाहिलं होतं. दवाखान्यात मावशीला काही विचारलं की ती मान खाली घालायची. कुठे दुखतंय, किती वेळ झाला, एकाही प्रश्नाला उत्तर नाही. ओरडतील म्हणून भीती, आणि आपली बोली ऐकून हसतील म्हणून लाज. मुलगी म्हणाली, "तिथं आमच्यातलं कुणीतरी पायजे. मग बाया बोलतील."

बंधू-भगिनींनो, आरोग्य खात्याच्या नियमाप्रमाणे डोंगरी आणि आदिवासी भागात ३००० लोकांमागे एक उपकेंद्र असतं आणि तिथे एक एएनएम ताई असते. इमारत, औषधं, लस यांची सोय सरकार करू शकतं. पण घाबरलेली बाई कुणापाशी तोंड उघडेल, याची सोय अशा एखाद्या मुलीनेच होते.

आता वाट शोधायला लागलो. बी. एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागतं. हिने कला शाखा घेतली होती, कारण जवळच्या कॉलेजात तीच होती. दहावीनंतर हे तिला कुणी सांगितलं नाही, आम्हीही नाही. कला शाखेच्या मुलीला दोन वाटा उरतात. दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम. जीएनएम झाल्यावर पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी. एस्सी. करता येतं. म्हणजे दार बंद झालेलं नसतं, वळसा पडतो. तिने जीएनएम धरला.

मग आला जातीचा दाखला, आणि त्याच्यामागे जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची. त्याआधीचा कागद दाखवता आला तर काम सोपं होतं. पण जिचा बाप शाळेत गेला नाही, आजा गेला नाही, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांनी त्या काळचा कागद कुठून आणायचा? आमची कार्यकर्ती तहसील कचेरीत जाऊन जुन्या कोतवाल बुकांची पानं बघत बसली. ती सगळी मोडी लिपीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आम्ही बरोबर नेले. तिसऱ्या खेपेला गुरुजींचं बोट एका ओळीवर थांबलं. मुलीच्या पणजोबांच्या मृत्यूची नोंद होती आणि पुढे जात लिहिली होती "काथोडी". अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी आणि कातकरी एकाच नोंदीत आहेत. शिक्का असलेली नक्कल हातात आली तेव्हा मुलीने विचारलं, "यांचं नाव कुणी लिवलं असंल?" तिच्या घरात त्या माणसाची दुसरी काहीच खूण नव्हती. मेल्यावर लिहिलेली एक ओळ पणतीच्या शिक्षणाच्या कामी आली.

सांगली जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. आम्ही सगळेच आनंदात होतो. आपल्या देणग्यांतून पेटी, गादी, दोन गणवेश, बूट, मनगटी घड्याळ घेतलं. कॉलेजच्या फाटकासमोर तिला उभं करून मी फोटो काढला. तो आपल्या अंकात छापला. वर मथळा दिला, "वीटभट्टीवरून नर्सिंग कॉलेजात". आपल्यापैकी अनेकांनी फोन करून आनंद कळवला. आणि मी, खरं सांगते, त्या फाइलवर "काम पूर्ण" असं लिहून ती कपाटात ठेवली.

दसरा झाला, आणि त्यानंतर काही दिवसांनी कॉलेजातून फोन आला. मुलगी आठ दिवस वर्गात नाही, खोलीवरही नाही.

मी वस्तीवर गेले. दारांना कड्या, अंगणात कुत्रीसुद्धा नाहीत. सगळी वस्ती भट्टीवर गेलेली. एक म्हातारी मागे राहिली होती, तिने मुकादमाचं गाव सांगितलं. पलूसच्या बाजूला, कृष्णाकाठी. म्हणजे मुलगी साताऱ्याकडे आलीच नव्हती. कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर आईबाप होते, ती त्यांच्याकडे गेली होती.

मी पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. भट्टीवरची माणसं पहाटे तीनला उठून चिखल करतात, त्यामुळे त्या वेळी बाया पालाच्या सावलीत जरा टेकलेल्या असतात. ती बसली नव्हती. सुकलेल्या कच्च्या विटा उलट्या करत होती. तिच्या बापाने मला पाणी दिलं आणि म्हणाला, "बाई, आमी तिला बोलावलं न्हाई. ती आपल्या मनानं आली. आता म्हणती जायाचंच न्हाई. उचल फेडायला चार हात झालं, पर माझं मन लागंना."

मी तिच्याजवळ जाऊन, आपण सगळे जे बोलतो तेच बोलले. किती लोकांनी मदत केली, किती खटपटीने दाखला मिळाला, संधी पुन्हा येत नाही. ती विटा उलटत राहिली. मी थांबले तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्ही फोटो का छापला?"

आपला अंक कुणाच्या तरी घरून वसतिगृहात गेला होता. कुणी तिला वाईट बोललं नाही. एका मुलीने सहज विचारलं, "तू खरंच विटा पाडायचीस?" बस्स, एवढंच. पण त्या दिवसापर्यंत ती तिथे बाकीच्यांसारखी एक मुलगी होती. त्या दिवसापासून भट्टीवरची झाली. मला म्हणाली, "मला लाज विटांची न्हाई. पर ते मी सांगायचं होतं. ज्याला सांगावंसं वाटंल त्याला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिथेच विटांच्या रांगेशी खाली बसले. तेव्हा मला आजीच्या मावशी आठवल्या, त्या स्टेशनवरच्या बाकासकट. मी बोलणं बंद केलं. बराच वेळ गेला. मग तीच एकेक करून सांगायला लागली.

घरात कातकरी बोली, शाळेत मराठी, आणि इथे पहिल्या तासापासून शरीररचनाशास्त्र इंग्रजीतून. बाई शिकवतात ते डोळ्यांना समजतं, चित्र दिसतं, पण वहीत काय लिहायचं ते कळत नाही. पहिलं प्रात्यक्षिक होतं रुग्णाचा बिछाना लावण्याचं. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे, सुरकुती कशी राहू द्यायची नाही. जी मुलगी आयुष्यात कधी कॉटवर झोपली नव्हती, ती रात्री स्वतःच्या कॉटवरून पडेन म्हणून गादी खाली ओढून झोपत होती. शिष्यवृत्ती मंजूर व्हायची होती, आणि ती येईपर्यंत मेसचं बिल, झेरॉक्स, प्रात्यक्षिकाची वही काही थांबत नाही. कुणाकडे मागायचं? आम्ही नंबर दिला होता. पण आधीच एवढं दिलं, आता पुन्हा कसं मागू, असं तिला वाटलं.

आणि ते घड्याळ. नर्सिंगच्या मुलीला सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं, कारण नाडीचे ठोके मिनिटावर मोजायचे असतात, श्वास मोजायचे असतात. कॉलेजच्या यादीत तसं स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही दिलेलं घड्याळ दिसायला सुरेख होतं, सोनेरी कडेचं. त्याला सेकंदकाटाच नव्हता. ती दोन महिने शेजारच्या मुलीच्या मनगटाकडे बघून नाडी मोजत होती. "सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. म्हणाली, "बक्षीस दिलेल्या वस्तूत खोट कशी काढायची?"

मंडळी, त्या रात्री परतीच्या एसटीत मला झोप आली नाही. मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केला आहे. चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी परीक्षेत लिहिला आहे, रविवारच्या शाळेत शिकवला आहे, वस्त्यांवर सांगितला आहे. लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात तो आहे. आपल्याला त्यातलं काय आठवतं? याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला, शोमरोनी थांबला. त्याने जखमा बांधल्या, जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. आपलं चित्र इथेच संपतं. पण दाखला इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी निघताना तो उतारशाळेच्या मालकाला पैसे देतो आणि सांगतो की आणखी खर्च लागला तर कर, मी परत येईन तेव्हा फेडीन.

मी परत येईन, हा शब्द त्याने दिला. किती खर्च होईल याचा आकडा त्याला माहीत नव्हता. तो माणूस कधी बरा होईल हेही माहीत नव्हतं. आम्ही मात्र दोन नाणी दिली, पावती घेतली, फोटो काढला आणि उतारशाळेच्या दारातून मागे फिरलो. जातीच्या दाखल्यासाठी आम्ही तीन खेपा घातल्या. हा दुसरा दाखला मात्र अर्धाच वाचला.

चार दिवसांनी मी पुन्हा भट्टीवर गेले. या वेळी काही समजवायला गेले नव्हते. मी तिची आणि तिच्या आईबापांची क्षमा मागितली. पुढे तुझी परवानगी असल्याशिवाय तुझ्याबद्दल एक ओळ छापणार नाही, असा शब्द दिला. यायचं की नाही ते तू ठरव, म्हणाले. तिने दोन दिवस घेतले. मग आईने तिची पेटी भरली.

कॉलेजच्या प्राचार्य बाईंनी तिला समजून घेतलं, बुडालेली प्रात्यक्षिकं भरून काढायची सवलत दिली. वरच्या वर्गातली एक मुलगी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर बसू लागली. तिने एक वही केली आहे, तीन रकान्यांची. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात कातकरी. तिसऱ्या रकान्यात काही जागा मोकळ्या आहेत. तिथे ती सुट्टीत आईला विचारून शब्द भरते. पुढे वस्तीवर कामाला येईल ती वही, पाठ्यपुस्तक नव्हे.

मिरजेतल्या आपल्या मंडळीतल्या एका कुटुंबाने महिन्यातून दोन रविवार तिला घरी जेवायला बोलवायचं ठरवलं. मला काही जण विचारतात, तिला उपासनेला नेता का? नाही. तिला जेवायला नेतात. ती आपल्या घरची देवी मानते, आणि आपल्या ताटाला त्याची अट नाही. त्या घरातल्या काकू तिला मासे करायला सांगतात, कारण तिच्या हातचं कालवण त्यांना आवडतं. कुणाच्या घरी नुसतं जेवण्यापेक्षा कुणाला करून घालण्यात माणसाची मान जास्त ताठ राहते, हे त्या काकूंना उमगलं. मला डिप्लोमा करूनही उमगलं नव्हतं.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ती एका विषयात राहिली. तो विषय तिने पुन्हा दिला आणि सुटला. आता ती दुसऱ्या वर्षात आहे. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. बापाची उचल अजून फिटलेली नाही. धाकट्या भावाची शाळा यंदाही दसऱ्यानंतर सुटली.

पण एक दिवस सांगते. नर्सिंगच्या मुलींचा दीप लावून शपथ घेण्याचा समारंभ असतो. त्याला तिची आई आली होती, भट्टीवर एक दिवसाचा खाडा पाडून. मुलगी पांढऱ्या गणवेशात, हातात दिवा, रांगेत सातवी की आठवी. मी सवयीने पर्समधून मोबाईल काढला. आणि परत आत ठेवला. समारंभ संपल्यावर ती आमच्याकडे आली. स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाई, आईबरोबर एक काढा. माझ्या फोनमध्ये." मी काढला. तो फोटो तिच्याकडे आहे. तुम्हाला दाखवायला माझ्याकडे नाही, आणि असायलाही नको.

आता आपल्याकडे मागणं काय, ते थोडक्यात सांगते.

पहिलं, दहावीतल्या मुलांकडे लक्ष द्या. नर्सिंगचं बोलणं बारावीनंतर सुरू करून उपयोग नाही. शाखा निवडण्याआधी कुणीतरी त्यांच्याजवळ बसलं पाहिजे, आणि वैधतेचे कागद त्याच वर्षी शोधायला घेतले पाहिजेत. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, कचेरीत नोकरी केलेले आहेत, मोडी वाचणारेही असतील. पैशापेक्षा आम्हाला तुमच्या दोन दुपारी हव्यात.

दुसरं, प्रवेशाच्या दिवशी जेवढी मदत करता, त्यातली अर्धी पहिल्या तीन महिन्यांसाठी राखून ठेवा. मुलगी परत येते ती याच काळात. आम्ही आता प्रत्येक मुलीमागे एक छोटी रक्कम बाजूला ठेवतो. तिचा हिशेब तीच ठेवते, आणि ती मागायच्या आधी आम्ही विचारतो.

तिसरं, सांगली-मिरजेत ज्यांची घरं आहेत त्यांनी आपलं ताट उघडं ठेवावं. या वर्षी आणखी दोन मुली जात आहेत. एक एएनएमला, एक जीएनएमला. दोघींना आपलं म्हणून जावं असं एकेक घर हवंय. घर लहान असलं तरी चालेल. फक्त तिला पाहुण्यांसमोर उभं करून तिची गोष्ट सांगू नका.

आणि घड्याळ द्यायचं असेल तर सेकंदकाटा आहे की नाही ते बघून द्या.

आज हे सगळं सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. हे भाषण मी तिला फोनवर वाचून दाखवलं. तिने एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं. नाव नको म्हणाली, फोटो नको म्हणाली. शेवटी म्हणाली, "सांगा, बाई. पर बिचारी म्हणू नका."

नाही म्हणणार. आपणही म्हणू नये.

प्रभू आपल्या दानाला आशीर्वाद देवो, आणि दान देऊन परत फिरून येण्याचं बळही देवो. आमेन.